आमदारांच्या सीटवरचा रुमाल

वसंता म्हस्के रिटायर झाला तो फक्त कागदोपत्री. बाकी गडी अजून डूटीवरच होता. घरी पाव्हणे आले की "पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा आहे" म्हणत तो तिघांच्या सोफ्यावर सहा जण कोंबायचा. बायकोनं, म्हणजे बेबीनंदाबाईनं, किराणा आणायला पाचशेची नोट हातात दिली की हा पठ्ठ्या तोंड वाकडं करून म्हणायचा, "सुट्टे द्या." अहो, स्वतःच्या बायकोला! आणि तिनं सुट्टे नाहीत म्हटलं की "मंग उतरताना घ्या" म्हणून नोट खिशात घालायचा.

गाव त्याचं धावडा, भोकरदन तालुक्यातलं. लहानपणी गावात मुक्कामाची एसटी यायची तेव्हा बाकीची पोरं ड्रायव्हरकडं बघत उभी राहायची. वसंता बघायचा कंडक्टरकडं. ड्रायव्हर नुसता चाक फिरवतो. गाडी थांबवायची का सोडायची ते ठरवतो मागचा माणूस, दोरी ओढून. एकदा टण् म्हणजे थांब, दोनदा टण् टण् म्हणजे चल. एवढं मोठं धूड त्या दोरीचं ऐकतं म्हणजे काय खायचं काम आहे का? तेव्हाच त्यानं ठरवलं, होईन तर कंडक्टर होईन. आणि झाला. जालना ते धावडा, धावडा ते जालना, केस काळ्याचे पांढरे होईपर्यंत त्यानं त्या रस्त्याची धूळ खाल्ली.

त्याची एक खोड अख्ख्या रूटवर ठाऊक होती. शेवटचा पॅसेंजर पुरता उतरल्याशिवाय हा डबल बेल देत नसे. पुरता म्हणजे पुरता. म्हातारी उतरली, तिचं गाठोडं उतरलं, गाठोड्यामागची कोंबडी उतरली, म्हातारीनं पदर सारखा केला, कोंबडी मोजली, मंग टण् टण्. ड्रायव्हर बोंबलायचे, "म्हस्के, तिला घरी नेऊन सोडा, जेवू घाला, मंग बेल मारा!" गाडी रोज लेट. पण त्याच्या गाडीतून एक म्हातारी कधी पडली नाही, हेही खरं.

रिटायर झाल्यावर दोन-तीन ठिकाणी चिकटून पाहिलं. एका मंगल कार्यालयात वॉचमन झाला, तर नवरदेवाचं वऱ्हाड दारात अडवून म्हणाला, "आधी आतल्यांना उतरू द्या." वाजंत्री थांबली, नवरदेवाची मावशी रुसली, वसंताची नोकरी गेली. भाचीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभं केलं, तर वरणाची बादली घेऊन "कोणाचं राह्यलं का? राह्यलं का कोणाचं?" ओरडत पंगतीतून पुढं निघून गेला. वाढलं कोणालाच नाही.

मग बेबीनंदाबाईनं लेकीला फोन लावला. "सुमेधा, ह्या माणसाला कामाला लाव न्हाईतर मला माहेरी पाठव. सकाळधरून पंख्याखाली बसून राह्यलेत अन् दर स्टॉपला मला विचारून राह्यलेत, चहा कुठवर आला?"

सुमेधा त्यांची एकुलती एक. जुन्या जालन्यात कापडाच्या गल्लीत, जुगलकिशोर शेठच्या दुकानावरची माडी तिनं भाड्यानं घेतली होती. पिवळे पडलेले फोटो आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर साफ करून द्यायचं काम. हुशार पोरगी, पण बापासारखीच हट्टी. वसंताला तिच्या दुकानात बसायची फार हौस. मागं एकदा त्यानं आठवडाभर बसून पाहिलं होतं. गिऱ्हाईक जिना चढून वर आलं की हा विचारायचा, "कुठं जायचं?" दोन गिऱ्हाइकं घाबरून तशीच खाली उतरली. सुमेधानं हात जोडले आणि बापाला घरी पाठवलं. त्याला त्याचं लई लागलं होतं. तोंडावर दाखवलं नाही, पण दोन दिवस तो सुट्टे मागायचाही विसरला.

आईचा फोन आल्यावर सुमेधा म्हणाली, "पप्पा, या. पण एक काम देते. ते नीट झालं तर सोमवारपासून रोज दुकानात. बिघडलं तर घरी, पंख्याखाली. मंजूर?"

"मंजूर," वसंता म्हणाला आणि डूटीवर निघाल्यासारखा शर्टाची वरची गुंडी लावून निघाला.

काम होतं खुद्द घरमालकाचं, जुगलकिशोर शेठचं. शेठची मुलगी रुचि, तिचं लग्न. शनिवारी संध्याकाळी संगीत, म्हणजे घरच्या सगळ्यांनी नाचायचं. शेठ मात्र नाचायला तयार नव्हते. "आपल्या घरात मर्द माणूस नाचत नाही. बाबूजी कधी नाचले का?" एवढं बोलून ते कापड मोजायला लागायचे. बाबूजी म्हणजे शेठचे वडील, आता नाहीत. फार कडक माणूस. ते हसले तर त्या दिवशी दुकानात चर्चा व्हायची.

पण शेठच्या आई चंदनबाई काही ऐकायला तयार नव्हत्या. "नाचे थे! जुगल, तुझ्याच बारातीत नाचले. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

"माँ, मी घोड्यावर होतो."

"तुझ्या तोंडावर सेहरा होता. तुला घोडा तरी दिसत होता का?"

तीस वर्षं हे भांडण चालू होतं. पुरावा म्हणून एक कॅसेट होती, वरातीची. पण ती बुरशीनं अशी खाल्ली होती की पडद्यावर नुसतं धुकं. धुक्यात एक पगडीवाला आकार वर-खाली होताना दिसे. चंदनबाई म्हणत नाचतायत, शेठ म्हणत मुंग्या चावल्या असतील. शेवटी रुचिनं तोड काढली: कॅसेट साफ करून घ्यायची, आजोबा नाचलेले दिसले तर पप्पांनी संगीतात नाचायचं. शेठनं हसत हसत कबूल केलं. त्यांना बाबूजींची गॅरंटी होती.

सुमेधानं काम घेतलं, एक रक्कम ठरवली. शेठनं बजावलं, "ठरलं ते ठरलं. वर एक पैसा मिळणार नाही."

मग बाप-लेकीची बैठक बसली. सुमेधा म्हणाली, "पप्पा, माझ्या कॉम्प्युटरला ही कॅसेट साफ करायला दोन आठवडे लागतील. एकेक चित्र पुसायचं असतं. तोवर रुचिला लेकरू व्हायचं."

"मंग मोठा कॉम्प्युटर घे."

"एका वरातीसाठी कोणी एसटी विकत घेतं का? असलं काम महिन्यातून एखादं येतं, तेही चार-पाच तासांचं. बाकीचा महिना तो डब्बा नुसता बसून राहील. त्याच्यापेक्षा क्लाउडवर भाड्यानं घ्यायचा."

क्लाउड म्हणजे काय ते तिनं बापाच्या भाषेत सांगितलं. लांब कुठंतरी मोठमोठ्या इमारतींत हजारो मशीन मांडून ठेवल्यात. इंटरनेटवरून त्यातलं एक भाड्यानं घ्यायचं, काम झालं की सोडून द्यायचं. जेवढा वेळ धरलं तेवढाच मीटर.

"अन् तिकीट कसं?"

"तीन तऱ्हा. एक, वर्षाचा पास. स्वस्त पडतो, पण रोज जाणाऱ्याला. आपण कधीमधी जाणारे. दुसरं, पूर्ण तिकीट. महाग, पण जागेवरून कोणी उठवत न्हाई. तिसरं म्हणजे कंपनीकडं जी मशीन रिकामी पडली असतील ती पाव भावात देतात. पण अट आहे. पूर्ण पैसे देणारा आला की दोन मिनिटं आधी सांगतात, अन् उठायचं."

वसंताचा चेहरा असा उजळला की बास. "आमदारांची सीट!"

एसटीत पुढं एक सीट असते. वर लिहिलेलं असतं, विधानसभा सदस्यांसाठी राखीव. आमदार येईपर्यंत कोणीही बसावं, आमदार आला की उठावं. "अगं, अख्खी नोकरी गेली माझी," वसंता म्हणाला, "एक आमदार चढला न्हाई गाडीत. धावड्याच्या रस्त्याला? गाडी विकत घेऊन दे म्हटलं तरी चढायचा न्हाई. बिलकुल बिनधास्त बस त्या सीटवर."

"पप्पा, इथले आमदार चढतात. पण चालंल. थोडं थोडं काम झालं की आपण ते काढून ठेवायचं. उठवलं तर पुढच्या गाडीत तिथून पुढं. आपल्याला कुठं घाई आहे? शनिवारपर्यंत वेळ आहे."

ठरलं. सुमेधानं ठरलेला सगळा पैसा कंपनीकडं आगाऊ भरला. तो संपला की मशीन आपोआप बंद. उरला तर उरलेला आपला नफा.

गुरुवारी सकाळी कॅसेटीवरची बुरशी पुसून ती कॉम्प्युटरवर उतरवायचं काम अर्धंच झालं होतं, आणि सुमेधाला दोन दिवस आधी ठरलेलं शूटिंग होतं, केदारखेड्याला मैत्रिणीच्या साखरपुड्याचं. जाण्याआधी तिनं पाव भावातलं एक मशीन घेतलं आणि घोड्याचा एक छोटा तुकडा त्यावर चढवला, नुसतं जमतंय का बघायला.

"पप्पा, ही हिरवी पट्टी भरंल. भरली की हे लाल बटण दाबायचं. मशीन सुटतं, मीटर थांबतो. उद्या मी आले की दुसरं घेऊन अख्खी कॅसेट लावू. एकच बटण. एकदाच दाबायचं."

"अगं, मी एवढी मोठी गाडी थांबवायचो."

"म्हणूनच भीती वाटते," असं म्हणून ती कॅमेरा घेऊन गेली.

दुपारी पट्टी भरली. घोडा असा स्वच्छ निघाला की त्याच्या कपाळावरचं कुंकू दिसायला लागलं. वसंतानं बोट लाल बटणावर नेलं आणि मागं घेतलं.

आता ह्या जागी तुम्ही-आम्ही बटण दाबून चहाला गेलो असतो. पण वसंताच्या मनात विचार आला. लग्नसराई आहे. जगातल्या सगळ्यांना कॅसेटी साफ करायच्या असणार. अशात आपल्याला पाव भावात, खिडकीजवळची, इतकी चांगली जागा मिळाली. आणि ती सोडायची? उद्या सकाळी सगळी वऱ्हाडं चढली आणि जागाच नाही मिळाली तर? मिळालेली सीट सोडून खाली उतरणारा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. चहाला उतरायचं झालं तरी माणूस काय करतो? सीटवर रुमाल टाकून जातो.

बटण दाबायचं नाही हे तर ठरलं. पण मशीन नुसतं रिकामं दिसलं तर कोणी येऊन बसणारच. काहीतरी टाकायला पाहिजे त्याच्यावर. फोनमध्ये बेबीनंदाबाई भाकरी थापतानाचा व्हिडिओ होता. नातेवाइकांना पाठवायला काढलेला, त्यात ती भाकरी थापता थापता त्यालाच बोलत होती. सुमेधानं घोडा कसा चढवला ते त्यानं पाहिलं होतं. तसंच त्यानं बायकोला चढवलं. खाली एक चौकोन होता, पुन्हा पुन्हा करायचं का म्हणून विचारणारा. त्यानं त्यात टिक केली. हिरवी पट्टी परत पळायला लागली. वसंतानं कुलूप लावलं आणि फार मोठं काम केल्याच्या आनंदात घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी सुमेधा आली. कॉम्प्युटरसमोर बसली.

"पप्पा... हे काय चालून राह्यलंय?"

"जागा धरून ठेवलीय," वसंता अभिमानानं म्हणाला. "रुमाल टाकलाय."

"कालपासून मशीन आईची भाकरी धुऊन राह्यलंय! धुतलेली परत धुतंय!"

तिनं व्हिडिओ लावला. माय गं! बेबीनंदाबाई इतकी स्वच्छ झाली होती की परातीतल्या पिठाचा कण न कण वेगळा मोजता आला असता. हाताच्या रेषा दिसत होत्या. रागाचं तर विचारूच नका. काल जो राग साधा होता तो आज प्रत्येक भुवईच्या केसात उभा होता.

"अन् मीटर?" सुमेधा म्हणाली. "मीटर रात्रभर चालू!"

वसंताचं तोंड उतरलं. "मला वाटलं... रुमालाला कुठं तिकीट लागतं?"

सुमेधानं शिल्लक पाहिली. आगाऊ भरलेल्यातला बराचसा पैसा भाकरीनं खाल्ला होता. तिनं घाईघाईनं वरातीची उरलेली कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, दुपारी त्याच मशीनवर लावली. निदान धरलेल्या जागेचा उपयोग तरी होऊ दे. वरात चालू झाली. घोडा आला, बँडवाले आले, बत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया आल्या. आणि तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टा उमटला: दोन मिनिटांत हे मशीन काढून घेतलं जाईल.

वसंता ताडकन उठून उभा राहिला. "आमदार आला!"

"पप्पा, उभे कामून राह्यले?"

"सवय," तो म्हणाला. नोकरीत कधी वापरायची वेळ आली नव्हती, ती अशी आली.

झालेलं काम सुमेधानं काढून ठेवलं होतं, त्यामुळं वरात वाया गेली नाही. पण पाव भावातलं दुसरं मशीन मिळेना. कुठंच जागा नाही. राहिलं पूर्ण तिकीट, आणि पूर्ण तिकिटात उरलेल्या पैशात वरातीचा पाव हिस्सासुद्धा बसत नव्हता. आणखी पैसे भरावे तर घरचे घालावे लागणार. सुमेधा डोकं धरून बसली. डोळ्यात पाणी होतं, पण बापासमोर काढायचं नाही म्हणून ती उगाच वायर गुंडाळत राहिली.

वसंताला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली. लेकीनं एक बटण सांगितलं होतं. एक! तो जिना उतरला आणि खाली दुकानात गादीवर बसलेल्या चंदनबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"माँजी, चूक माझी आहे. पोरीची न्हाई. वरात अर्धीच साफ झाली. पैसे माझ्या रुमालानं खाल्ले."

शेठ कापड मोजता मोजता खूश झाले. "मग राहू द्या! नाचण्याचा विषयच संपला."

चंदनबाईंनी चष्मा वर केला. "अरे, अख्खी बारात कोणाला पाहिजे? मला घोडा नको. बँड नको. घोड्यावरचा हा नको." हा म्हणजे शेठ. "मला फक्त ह्यांचे पाय पाहिजेत. तेवढेच साफ करा."

वसंता दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. "सुमे! पूर्ण रूट न्हाई जायचं. एकाच स्टॉपचं तिकीट काढ!"

सुमेधानं मान वर केली. वरातीतून तो धुक्यातला पगडीवाला तुकडा तेवढा कापला तर? तिनं हिशेब केला. बसत होता. पाय दिसले की लगेच बंद केलं तर थोडेफार उरतही होते. त्या उरलेल्यालाच ह्या सगळ्या कामाची कमाई म्हणायची वेळ आली होती, पण घरचे जात नव्हते.

शनिवारी दुपारी माडीवर सगळे जमले. संगीत संध्याकाळी होतं, रुचि मेंदीचे हात वर धरून बसली होती. शेठ आले ते जिंकल्याच्याच तोऱ्यात. चंदनबाईंना दोघांनी धरून जिना चढवला, आणि वसंतानं त्या पुरत्या चढेपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. बेबीनंदाबाईही आल्या होत्या. त्यांचा भाकरीचा व्हिडिओ पाहून झाला होता, आणि त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या.

सुमेधानं पूर्ण तिकिटाचं मशीन घेतलं. "आज बटण दाबायचं म्हणजे दाबायचं," ती बापाला हळूच म्हणाली. "मी सांगितलं की लगेच. उरलेले पैसे हीच आपली कमाई. हा शेवटचा चान्स पप्पा, खरंच."

वसंता बटणाजवळ बसला. बोट तयार. सोमवारची खुर्ची त्याला डोळ्यासमोर दिसत होती.

एकेक चित्र धुऊन निघायला लागलं. इतकं सावकाश की बाबूजींचा उजवा पाय वर जायला लागला तेव्हा चहा मागवला आणि पाय पुरता वर गेला तेव्हा चहा पिऊन झाला. पण काय स्वच्छ दिसत होतं! पगडी, मिशी, कोटाची साखळी. चंदनबाई पुढं वाकल्या. पाय खाली आला. परत वर गेला.

"नाचून राह्यले!" रुचि ओरडली.

"थांब," शेठ पडद्याला नाक लावून म्हणाले. "पाय बघ. मोजडी नाही पायात! निसटलीय. ती बघ मागं पडलीय. एका पायावर उड्या मारत मोजडी शोधतायत बाबूजी!" आणि ते इतके हसले की माडीची फळी हलली. "नाच म्हणे! तीस वर्षं, माँ! तीस वर्षं मोजडीला नाच म्हणत होतीस!"

खरंच होतं. पुढच्या चित्रांत बाबूजी वाकले, मोजडी उचलली, पायात घातली. सगळ्यांना दिसलं. रुचिचे मेंदीचे हात खाली आले. चंदनबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला नाही.

"झालं, बंद करा आता," शेठ म्हणाले. "कशाला पोरीचे पैसे जाळता?"

"पप्पा," सुमेधा म्हणाली, "दाबा."

वसंतानं बोट बटणावर ठेवलं. पण नजर पडद्यावर होती. बाबूजींची मोजडी पायात गेली होती, पण टाच अजून टेकली नव्हती. वसंताच्या बोटाला तीस वर्षांची सवय. ते दाबेचना.

"पप्पा! पैसे चाललेत!"

"थांब बाळा."

"पप्पा, मी काय सांगितलं होतं!"

"कळतंय मला," वसंता म्हणाला. सोमवारची खुर्ची चालली हे त्यालाही कळत होतं. "पण पॅसेंजर अजून पुरता उतरला न्हाई."

बेबीनंदाबाई मौन मोडून म्हणाल्या, "ह्या माणसाचं काय करावं!"

टाच टेकली. आणि मग, मोजडी घट्ट पायात असताना, बाबूजींचा पाय परत वर गेला. ह्यावेळी हातही वर गेला, बोटं आभाळाकडं. मान तिरकी. मिशीखाली हसू. एक उडी. पाय खाली. परत वर. दुसरी उडी. मग त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कोट खाली ओढला, मिशी सारखी केली आणि खांबासारखे उभे राहिले. तिथं शिल्लक संपली आणि मशीन आपलं आपण बंद झालं. बटण दाबायची गरजच उरली नाही.

शेठचं तोंड उघडं ते उघडंच. चंदनबाईंनी चष्मा परत घातला आणि त्या वयात डोक्यावरचा पदर नव्या नवरीसारखा पुढं ओढला.

"दोनच," त्या म्हणाल्या. "दोनच उड्या मारल्या होत्या. मी समोरच्या गच्चीवर उभी होते. माझ्याकडं पाहून मारल्या."

त्या संध्याकाळी संगीतात जुगलकिशोर शेठ नाचले. अख्ख्या कापडगल्लीनं पाहिलं. हात वर, बोटं आभाळाकडं, एक उडी, दुसरी उडी. मग डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कुर्ता खाली ओढला आणि खुर्चीवर जाऊन बसले. चंदनबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि डोळे पुसत राहिल्या. जाता जाता सुमेधाला म्हणाल्या, "बेटा, घरी अजून एक पेटीभर कॅसेटी आहेत. सगळ्यांत ह्यांना शोधायचं आहे. घाई नाही. स्वस्तात होऊ दे."

मांडवाच्या दारात बाप-लेक उभे होते. वसंता दोन्हीकडच्या पाव्हण्यांना वाट करून देत होता, पण मनातून पार खचला होता.

"एक रुपया उरला न्हाई, पप्पा," सुमेधा म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्हाला एक बटण सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा दाबलं न्हाई."

"माहीत आहे गं. पंखा बराबर चालू आहे घरी. जातो मी."

सुमेधानं त्याचा हात धरून त्याला थांबवलं. मग म्हणाली, "सोमवारी नऊला या. बटणाला हात लावायचा न्हाई, ते मी दाबणार."

"मंग मी काय करू?"

"माझ्याशेजारी बसायचं. मी विचारीन, पुरता उतरला का? तुम्ही हो म्हणल्याबिगर मी दाबणार न्हाई."

वसंतानं समोरून येणाऱ्या नवरीच्या मामाला उगाचच ओरडून सांगितलं, "पुढं सरका, मधी लई जागा आहे!"

सोमवारी तो नवाच्या आधीच हजर होता. खिडकीजवळची खुर्ची त्यानं पुसली, बसून पाहिली, परत पुसली. अकराच्या सुमाराला चहा प्यायला खाली निघाला तेव्हा जिन्यापर्यंत जाऊन परत आला आणि खिशातला रुमाल काढून खुर्चीवर टाकला. सुमेधानं तो पाहिला, आणि खुर्ची हवी असूनही स्वतः स्टुलावर जाऊन बसली.